पंचाचं काम उन्हाकडे द्या: मुलांसाठी घराबाहेरचे उद्योग

प्रश्न असा आहे: मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. सुट्टीत रोज बाहेर न्यायचं ठरवलंय. मोकळी जागा आहे, झाडं आहेत, एक उथळ ओढाही आहे. पण दहा मिनिटांत "कंटाळा आला" सुरू होतं. पानं गोळा करणं, चिकटवून मोर-मासा करणं, सगळं करून झालं. फारसं सामान न लागणारे, निसर्गातलेच खेळ सुचवाल का? आणि सुरक्षिततेचं काय?

बावीस वर्षं मी मुलांच्या टोळ्या घेऊन बाहेर जाते आहे, आणि सुरुवातीची तीन-चार वर्षं मीही पानं-चिकटवा पंथातलीच होते. एकदा मी चौदा वस्तूंची यादी केली: लाल पान, गोल दगड, पीस, पिवळं फूल वगैरे. "शोधून आणा" म्हटल्याबरोबर मुलं सुटली आणि दहा मिनिटांत सगळं घेऊन हजर. पिवळी फुलं कुणाच्या तरी वाफ्यातली होती. वाफ्यात एकही उरलं नव्हतं. मालकाची बोलणी मी खाल्ली आणि मुलं शेजारी उभी राहून विचारत होती, "ताई, आता काय?"

यादीतली गोम मला त्या दिवशी कळली. यादी संपते, हे एक. दुसरं म्हणजे आणलेलं बरोबर की चूक हे मी ठरवत होते, त्यामुळे मुलं झाडाकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. पानांच्या मोराचंही तेच. "छान झालाय" असं कुणीतरी म्हणायचं, की विषय संपला.

तेव्हापासून कुठलाही उद्योग निवडताना मी एकच बघते: याचा निकाल कोण देणार? मी देणार असेन तर तो दहा मिनिटं चालतो. ऊन, पाणी, मुंग्या किंवा माती देणार असेल तर मुलं दुसऱ्या दिवशी परत त्याच जागी जाऊन उभी राहतात. होडी तरली की बुडाली, यावर कुणाचं "छान" लागत नाही. खाली जे सुचवते आहे ते सगळं याच चाळणीतून गेलेलं आहे.

सावलीच्या पैजेपासून सुरुवात करा. हातभर काठी सपाट जागी सरळ रोवा. सावलीच्या टोकाला एक खडा ठेवा. मग प्रत्येकाने आपापला वेगळा, ओळखू येईल असा खडा निवडायचा आणि अर्ध्या तासाने टोक जिथे पोचेल असं वाटतं तिथे ठेवायचा. तुम्हीही ठेवा, आणि मनापासून ठेवा. मुद्दाम हरायला जाऊ नका, मुलांना ते लगेच कळतं. अर्ध्या तासात पृथ्वी साडेसात अंश फिरते, त्यामुळे हातभर काठीच्या सावलीचं टोक तीन-चार बोटं तरी सरकलेलं सापडतं. पहिल्यांदा खेळणारी बहुतेक मुलं खडा नेमका उलट्या बाजूला ठेवतात, सूर्य जिकडे चाललाय तिकडे. खडा हरतो तेव्हा ती चिडतात, आणि पुढच्या अर्ध्या तासासाठी खडा ठेवताना आधी वर बघतात, मग खाली. (थेट सूर्याकडे टक लावायची नाही, हे तेव्हाच सांगून टाका.)

एका पाच वर्षांच्या पठ्ठ्याने काय केलं, तर वेळ संपत आल्यावर कुणाचं लक्ष नाही असं बघून काठीच हळूच आपल्या खड्याकडे वाकवली. सावली बरोबर खड्यावर! बाकीच्यांनी आरडाओरडा केला. मी गप्प बसले. पाचेक मिनिटं कडाक्याचं भांडण झालं आणि त्यातून नियम निघाला: काठी सरळ आहे की नाही हे तपासायला दोऱ्याला दगड बांधून शेजारी धरायचा. ओळंबा कशाला म्हणतात हे मला शिकवावं लागलं नाही, फक्त शब्द सांगितला.

नऊ वर्षांच्या मुलीसाठी याच काठीत बरंच काही आहे. दर अर्ध्या तासाने टोकाशी खडा ठेवत गेलात तर सर्वात आखूड सावली कधी पडते ते सापडतं, आणि ती घड्याळातल्या बाराला पडतेच असं नाही. त्या क्षणी सावली बरोबर उत्तर-दक्षिण असते. दुसरी युक्ती त्याहून सोपी: पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने टोकाच्या दोन खुणा करा आणि जोडा. साधारण पूर्व-पश्चिम रेषा मिळते, आणि पहिली खूण पश्चिमेची. झाडाची उंचीही काढता येते. एक मीटरची काठी आणि झाड यांच्या सावल्या एकाच वेळी मोजायच्या. काठीची सावली अर्धा मीटर असेल तर झाड आपल्या सावलीच्या दुप्पट उंच. इसवी सन पूर्व २४० च्या सुमारास एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सावलीवरूनच पृथ्वीचा घेर काढला होता. इजिप्तमधल्या सायीनी गावात वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवशी भर दुपारी खोल विहिरीच्या तळाशी ऊन पोचायचं, त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची, वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतक्या कोनात. ही गोष्ट मी काठीजवळ बसूनच सांगते. वर्गात सांगितली तर तिला चव येत नाही.

दाट झाडाखाली उभे असाल तर जमिनीवरचे उजेडाचे ठिपके दाखवा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, ठिपके मात्र गोल. का, ते लगेच सांगू नका. दोन्ही हातांची बोटं आडवी-उभी एकमेकांवर ठेवून त्यांच्या चौकोनी फटींतून जमिनीवर ऊन पाडायला सांगा. हात जमिनीजवळ असताना ठिपके चौकोनी, हात वर नेले की गोल. तो प्रत्येक गोल म्हणजे सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास ग्रहणात हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात.

आता मुंग्या. आधी जात बघून घ्या: चावणाऱ्या, डंख मारणाऱ्या मुंग्यांची रांग असेल तर पुढे चला. साध्या बारीक काळ्या मुंग्यांची रांग सापडली की पोटावर झोपा. उभं राहून मुंग्या दिसत नाहीत, फक्त रांग दिसते. काडीने रांगेवरून आडवी, बोटभर रुंद माती खरवडून टाका. मुंगी त्या रेषेपर्यंत धावत येते आणि थबकते. मिशा हलवत डावीकडे, उजवीकडे, परत मागे. मागून येणाऱ्या तिच्यावर आदळतात. दोन्ही बाजूंना गर्दी साचते. मग एखादी वेडीवाकडी भटकत पलीकडे पोचते, तिच्या मागे दुसरी, आणि थोड्या वेळात रांग पुन्हा सुरू. आधीची वाट सरळ असेल तर नवी कधीकधी वाकडी होते. मुंग्या जमिनीवर वासाची खूण सोडत चालतात आणि खरवडल्यावर ती पुसली जाते, हे स्पष्टीकरण मुलांनी निदान तीनदा खरवडून झाल्याशिवाय देऊ नका. त्यांचे स्वतःचे अंदाज ऐकण्यासारखे असतात. "रस्ता खोदलाय म्हणून त्या चिडल्यात" हा मी सर्वात जास्त वेळा ऐकलेला, आणि तो तपासताही येतो: माती न हलवता नुसतं ओल्या फडक्याने दगडावरची वाट पुसून बघा.

याचीच मोठी आवृत्ती म्हणजे कापसाचे चार चिंब ओले बोळे. एक साखरेच्या पाण्याचा, एक मिठाच्या, एक साध्या पाण्याचा, एक तेलाचा. रांगेपासून सारख्या अंतरावर ठेवायचे आणि दर पाच मिनिटांनी कुठे किती जमल्या ते मोजायचं. आधी पैज लावायचीच. साखर जिंकेल असं सगळे म्हणतात. ती दर वेळी जिंकत नाही, आणि कुठल्या जातीला काय आवडलं याची वही आमच्याकडे एका मुलीने दोन वर्षं ठेवली होती.

सर्वात जास्त वेळ मात्र चिखल खातो. हे कपड्यांच्या दृष्टीनेही खरं आहे. चिखलाचा नुसता खेळ मुलं करतातच, मी त्यात एक आव्हान घालते: खांद्याच्या उंचीवरून टाकला तरी न फुटणारा गोळा बनवा. टेबल टेनिसच्या चेंडूएवढा. जुना चमचा घेऊन तीन जागची माती आणायची: ओढ्याकाठची, झाडाखालची, पायवाटेवरची. प्रत्येकीचा वेगळा गोळा. घोट्याच्या उंचीवरून एकदा, मग गुडघा, कंबर, खांदा. जो टिकला तो पुढच्या फेरीत.

पहिल्या फेरीत वाळूचा गोळा पडता पडताच विस्कटतो. झाडाखालची माती हाताला छान लागते पण तिच्यात कुजलेला पाला असतो, गोळा भेगाळून दोन तुकडे होतात. चिकणमातीचा फतकन चपटा होतो, पण फुटत नाही. मग वाद: चपटा झालेला गोळा जिंकला की हरला? हे मुलांनाच ठरवू द्या. आमच्याकडे एका टोळीने "उचलून परत गोळा करता आला तर जिंकला" असं ठरवलं आणि दुसरीने "आकार बदलला की बाद". दोन्ही टोळ्यांचे गोळे त्यामुळे वेगळे झाले. बाद करणाऱ्या टोळीला कमी पाणी घालणं भाग पडलं.

खरी गंमत दोन दिवसांनी. जिंकलेले गोळे सावलीत वाळत ठेवा. वाळल्यावर चिकणमातीचा राजा आक्रसून तडकलेला असतो आणि टाकला की ठिकऱ्या. त्यात थोडी वाळू मिसळलेला, किंवा वाळकं गवत चुरून घातलेला, टिकतो. गवत घालायची कल्पना मी कधीही सुचवलेली नाही, आणि प्रत्येक टोळीत कुणीतरी ती काढतंच. कधी मुद्दाम, कधी गवत चुकून मळलं गेलं म्हणून. मातीच्या भिंतीत पेंढा का घालायचे हे मग त्यांना एका वाक्यात कळतं.

मुलीला आणखी हवं असेल तर तीच माती काचेच्या उंच बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, वर पाणी, झाकण घट्ट लावून जोरात हलवा आणि बरणी न हलवता ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते. तिच्यावरची बारीक पोयटा माती बसायला काही तास लागतात. चिकणमाती एक-दोन दिवस पाणी गढूळ ठेवते. थरांची उंची पट्टीने मोजली की कुठल्या मातीचा गोळा का टिकला ते बरणीत दिसतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगाविशी वाटते. सी. टी. सोरेन्सन नावाचा डेन्मार्कचा एक उद्यानरचनाकार होता. त्याने नीटनेटकी क्रीडांगणं आखली होती, पण त्याच्या लक्षात आलं की मुलं तिथे कमी आणि बांधकामाच्या पडीक जागांवर जास्त रमतात. त्यातून १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रप इथे लाकडं, विटा, दोऱ्या असल्या अडगळीचंच क्रीडांगण सुरू झालं, तेही युद्धकाळात. पुढे १९७१ मध्ये सायमन निकल्सन या ब्रिटिश कलाकाराने हेच सुटे भागांच्या भाषेत मांडलं: हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या गोष्टी जितक्या जास्त, तितकी मुलांची कल्पकता जास्त चालते. घसरगुंडी एकाच प्रकारे वापरता येते. काठ्यांचा ढीग मात्र रोज नवं काहीतरी होतो. म्हणून झाडाखाली पडलेल्या वाळक्या फांद्या एका जागी रचून ठेवा आणि त्याबद्दल काही बोलू नका. तिसऱ्या दिवशी तिथे घर झालेलं असेल.

ओढा आहे म्हणता, म्हणजे तुमचं भाग्य. पानांच्या होड्यांची शर्यत, दगड-चिखलाचा बांध, बांध फुटल्यावर पाणी कुठून पळालं याचा तपास, यात सकाळ सहज जाते. वळणावर एक पान आतल्या काठाने आणि एक बाहेरच्या काठाने सोडून बघायला सांगा. बाहेरचं पुढे जातं. वाळू कुठल्या काठाला साठली आहे हेही मग मुलं आपण होऊन बघतात. पण पाण्याचे नियम मी वाटाघाटीला ठेवत नाही. पाच वर्षांच्या मुलासाठी पाणी घोट्याच्या वर नको, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर, मोबाईल खिशात. लहान मूल तोंडावर पडलं तर काही सेंटिमीटर पाणीही पुरतं, आणि बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही. वरच्या बाजूला पाऊस झाला असेल, पाणी एकदम गढूळ झालं असेल, काड्या-कचरा वाहत येत असेल तर त्या दिवशी ओढा बंद. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी.

पाऊस पडत असेल तर घरात कोंडून घेऊ नका, पिठाची परात घ्या. विल्सन बेंटली म्हणून हिमकणांची छायाचित्रं काढणारा एक शेतकरी होता, त्याची ही १९०४ मधली पद्धत. परातीत दोन-तीन सेंटिमीटर जाड पीठ चाळून सपाट पसरायचं, वर झाकण. पावसात जाऊन झाकण काढायचं, तीन-चार आकडे मोजायचे, परत झाकायचं. प्रत्येक थेंबाची पिठात गोळी होते. गोळ्या सुकल्या की चाळणीने सावकाश चाळा. वर उरतात ते त्या पावसाचे थेंब, मोजता येतील असे. बुरबुर पावसाच्या गोळ्या मोहरीहून बारीक, टपटप सरींच्या चांगल्या मोठ्या. पण एका मर्यादेपलीकडे मोठी गोळी कधी सापडत नाही, कारण पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे थेंब पडता पडताच फुटतो. प्रत्येक पावसाच्या गोळ्या वेगळ्या कागदावर चिकटवून तारीख घाला.

विजा होत असतील तर परात नाही आणि झाडाखाली थांबणंही नाही. घरातून मोजा: वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद भागिले तीन म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज धोक्याच्या अंतरात आहे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पाऊल नाही. मुलांना भीतीपेक्षा आकडा द्यावा, ती शांत होतात.

किड्यांसाठी एक पांढरं फडकं पुरतं, किंवा उघडी छत्री उलटी करून. झुडपाच्या फांदीखाली धरायची आणि काठीने फांदीला दोन हलके टोले. जे पडेल ते मोजायचं, सहा पायांचे एकीकडे, आठ पायांचे दुसरीकडे, आणि दोन मिनिटांत सगळ्यांना त्याच झुडपावर परत. केसाळ अळीला हात नाही, तिचे केस अंगावर पुरळ उठवतात. गोगलगाय सापडली तर तिला काचेच्या तुकड्यावर नाही, कडा न कापणाऱ्या बरणीच्या बाहेरच्या बाजूला ठेवा आणि आतून बघा. तळव्यावरून सरकत जाणाऱ्या लाटा दिसतात, पोटाखालून चाललेली मिरवणूकच जणू. त्यानंतर साबणाने हात धुवायचे, अपवाद नाही.

गांडुळांना डार्विनने पियानो, बसून नावाचं खर्जातलं फुंकवाद्य आणि शिट्टी ऐकवून पाहिली होती. त्यांनी दाद दिली नाही. पण त्यांची कुंडी पियानोवरच ठेवून सूर वाजवल्याबरोबर गांडुळं बिळात शिरली. म्हणजे ऐकू येत नाही, थरथर कळते. त्याची ही निरीक्षणं १८८१ मध्ये छापली गेली. तुम्ही बिळांजवळच्या ओल्या जमिनीवर आधी ओरडून बघा, मग पाय आपटून. गांडूळ हातात घ्यायचं तर हात आधी ओले करा, ते कातडीनेच श्वास घेतं.

झाडाची साल कागदाखाली ठेवून रंगखडू घासणं, पानांचे ठसे, फुलांचे हार हे मी टाळत नाही, पण दमलेल्या दुपारसाठी राखून ठेवते. "आवाजांचा नकाशा"ही तसाच: कागदाच्या मध्यावर फुली म्हणजे आपण, डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं आणि जिकडून आवाज येईल तिकडे खूण करायची. पाच वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं पुरे.

याउलट मोज्याची फेरी चुकवू नका. जुना लोकरी मोजा बुटावरून चढवा आणि उंच वाळक्या गवतातून शंभर पावलं चाला. मोज्याला काय काय चिकटलं ते भिंगातून बघा. काहींना आकडे असतात, काहींना भाले. कुत्र्याच्या अंगाला चिकटलेलं असंच एक बी १९४१ च्या सुमारास जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि त्यातून बुटांना असतो तो चर्र आवाजाचा पट्टा निघाला. बघून झालं की अख्खा मोजा मातीत पुरा, पाणी घालत रहा. काय उगवतं ते मलाही कधी आधी सांगता आलेलं नाही. फेरीनंतर मुलांचे पाय, गुडघ्यांची मागची बाजू, कानांमागे गोचीड आहे का ते मात्र बघून घ्या.

रात्री एकदा तरी बाहेर काढा. विजेरी कपाळाला टेकवून, नजरेच्या रेषेत धरून गवतावर फिरवा. बारीक हिरवट-पांढऱ्या ठिणग्या चमकतील. दवबिंदू वाटतात, पण जवळ जाल तर प्रत्येक ठिणगीच्या मागे एक कोळी बसलेला असतो, चमकतात ते त्याचे डोळे. विजेरी कमरेशी धरली तर काहीच दिसत नाही, कारण उजेड जिकडून गेला तिकडेच परत येतो. हे मुलांना स्वतः शोधू द्या: एकाची विजेरी कपाळाला, दुसऱ्याची कमरेला. मग एकाला शंभर दिसतात, दुसऱ्याला शून्य, आणि दुसऱ्याला वाटतं पहिला थापा मारतोय.

दोन वयांची मुलं एकत्र असताना मोठीला धाकट्याची शिक्षिका करू नका, दोघंही वैतागतात. कामं वाटून द्या. घड्याळ आणि वही मोठीकडे, कुठे खणायचं, कुठला दगड उलटायचा हा निर्णय धाकट्याकडे. पैजेत वयाचा फायदा फारसा होत नाही, म्हणूनच मी पैजेवर इतका भर देते. मुंग्यांच्या बाबतीत पाच आणि नऊ सारखेच अडाणी, आणि आपणही.

दगड उलटायचा तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा. म्हणजे खाली विंचू-साप काही असलंच तर तो पलीकडे पळतो आणि दगड मध्ये ढालीसारखा राहतो. पाच वर्षांच्या हाताला हे जमणार नाही, त्याने दगड निवडायचा आणि तुम्ही उचलायचा. बघून झाल्यावर होता तसाच परत ठेवायचा, ते कुणाचं तरी छप्पर आहे. बिळात हात नाही. अनोळखी पान, फळ, अळंबी तोंडात नाही, "जरासं चाटून" सुद्धा नाही. काठी हातात असताना धावायचं नाही. एवढेच नियम मी सांगते. वीस सांगितले तर एकही लक्षात राहत नाही. झाडावर चढू देते, पण वर उचलून ठेवत नाही. ज्याला स्वतः चढता आलं त्याला बहुतेक उतरताही येतं.

राहिला दहा मिनिटांचा कंटाळा. तो येणारच, आणि तो आला की तुम्ही नवीन खेळ काढता, हीच चूक होते आहे असं मला वाटतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं मुलं उगाच फिरतात, दगडाला लाथा मारतात, "घरी जाऊया" म्हणतात. त्या वेळात मी स्वतःच कशात तरी डोकं घालून बसते, बहुधा मुंग्यांत, आणि कुणाला बोलावत नाही. काही मिनिटांत पाठीवर कुणीतरी रेलतं: "काय बघतेस?" आणि अगदीच काही झालं नाही, मुलं नुसती लोळून परत आली, तरी दिवस फुकट गेला असं मानू नका. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढून तीन वर्षं पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले: नेहमीसारख्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी (दूरचं अंधुक दिसणं) आली, बाहेर जाणाऱ्यांत ३०.४ टक्के.

पिशवीत एवढंच ठेवा: भिंग, दहा मीटर दोरा, जुना चमचा, पांढरं फडकं, झाकणाची बरणी, वही-पेन्सिल, साबण आणि पाणी. उद्या फक्त काठी रोवा आणि खडे ठेवा, बाकी काही काढू नका. परवा मुलगा काठी आपणच मागेल.

आणि घरी आल्यावर कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे तपासा. खडे, बिया ठीक आहेत. माझ्या मुलाच्या खिशातून एकदा गोगलगाय निघाली होती, यंत्राचं बटण दाबायच्या बेतात असताना. त्याने ती "तिला आपलं घर दाखवायला" आणली होती. तिला पोचवायला रात्री साडेआठला परत जावं लागलं, विजेरी घेऊन, आणि तेव्हाच कोळ्यांचे डोळे आम्हाला पहिल्यांदा दिसले.